नाव बदलले, नोंद कुठे शोधायची?

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे यादवकाळातील महत्त्वाचे शिलालेख आहेत. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव त्यांत येते. पण या गावाची जुनी माहिती केवळ 'अंबाजोगाई' या शब्दाखाली शोधू गेलो, तर बरीचशी हातून निसटते. निजामाच्या राजवटीत गावाला मोमिनाबाद म्हणत. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये जिल्ह्याचे नाव 'भीर' असे छापले आहे. गाव तेच, लेख तेच. नोंदी मात्र वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेल्या.

मग नावाऐवजी क्रमांक दिला तर? जनगणनेत तसे क्रमांक आहेत. २००१ साली महाराष्ट्राच्या यादीत बीडचा क्रमांक २७ होता. २०११ साली साऱ्या देशाची एकच यादी झाली आणि बीड ५२३ वर गेले. त्या यादीत २७ हा क्रमांक हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्याचा आहे! साल न देता नुसता '२७' लिहिला, तर वाचक थेट हिमालयात पोहोचेल.

म्हणजे क्रमांक असून भागत नाही, तो कायम असावा लागतो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि क्रमांकांची वही कोणीतरी सांभाळायची, या त्याच्या दोन अटी. भारतीय पुरालेखांच्या वार्षिक अहवालांत ही शिस्त फार जुनी आहे. अहवालाचे वर्ष आणि लेखाचा अनुक्रमांक सांगितला की गावाचे नाव बदलले तरी लेख सापडतो.

संगणकावरील नोंदींसाठी २००० सालापासून 'डीओआय' ही पद्धत वापरात आली. तिचे क्रमांक १० या आकड्याने सुरू होतात. नोंद दुसऱ्या संगणकावर हलवली, तर मध्यवर्ती वहीतला पत्ता तेवढा बदलतात. पुस्तकात छापलेला क्रमांक तसाच राहतो. एरवी पत्ता हरवला की पुरावाही हरवतो, आणि पडताळता न येणाऱ्या विधानाला इतिहासात किंमत नसते.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. गावातील वीरगळ, बारवा, जुनी देवळे यांना विद्यार्थ्यांकडून क्रमांक देववावेत. प्रत्येक क्रमांकापुढे आजचे नाव, जुनी नावे, जागा आणि पाहणीची तारीख लिहावी. एखादा वीरगळ नाहीसा झाला, तरी त्याचा क्रमांक खोडू नये. 'आता जागेवर नाही' एवढीच नोंद करावी. पुढे कोणी त्याचा शोध घेईल, तेव्हा ती ओळच त्याला उपयोगी पडेल.