इंग्रजी प्रश्नातले ‘डू’ आले कशाला?

‘तो पुस्तक वाचतो’ या वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की मराठीत प्रश्न तयार होतो. एकही शब्द जागचा हलत नाही. म्हणूनच इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘डज ही रीड द बुक?’ यातले ‘डज’ आगंतुक वाटते. त्याला स्वतःचा अर्थ नाही आणि मूळ विधानात त्याचा मागमूसही नाही. व्याकरणाची पुस्तके नियम सांगून मोकळी होतात आणि विद्यार्थी तो घोकतो. पण हे ‘डू’ लहरीने आलेले नाही. कर्ता, क्रियापद, कर्म ही रांग प्रश्नातही मोडू नये, या गरजेने ते टिकले, असे त्याचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

जुन्या इंग्रजीला ‘डू’ लागत नसे. क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवले की झाले: ‘रीड्स ही द बुक?’ जर्मन भाषा आजही असेच करते. त्या काळी नामांना विभक्तिप्रत्यय होते, त्यामुळे शब्द कुठेही पडला तरी कर्ता कोण आणि कर्म कोणते हे कळे. पुढे प्रत्यय झिजले आणि ती ओळख शब्दाच्या जागेवर येऊन पडली. आता ‘रीड्स ही द बुक?’मध्ये क्रियापदापाठोपाठ, म्हणजे नेमका कर्माच्या जागी, कर्ता येऊन बसू लागला. ‘डू’ पुढे धाडले की ही अडचण संपते, कारण मागे ‘ही रीड द बुक’ ही रांग जशीच्या तशी राहते.

हे नुसते तर्कट नव्हे. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगॉर्ड यांनी साधारण १४०० ते १७०० या काळातल्या इंग्रजी गद्यातली असंख्य वाक्ये मोजून १९५३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या आकडेवारीत एक मार्मिक गोष्ट दिसते. ज्या प्रश्नांत क्रियापदामागे कर्म येते तिथे ‘डू’ लवकर रुळले; अकर्मक क्रियापदांच्या प्रश्नांत ते मागे राहिले. सर्वांत रेंगाळले ते ‘व्हॉट सेड ही?’ या जातीच्या प्रश्नांत. तिथे कर्म आधीच वाक्याच्या तोंडाशी गेलेले असते, मग गोंधळ कशाचा होणार? आणि ‘हू रीड्स द बुक?’मध्ये तर कर्ताच पहिला, रांग शाबूतच. तिथे ‘डू’ आजही लागत नाही. शेक्सपिअरची नाटके आणि १६११ चे बायबल यांत नवी आणि जुनी घडण शेजारीशेजारी नांदते. १७०० च्या सुमारास नवीचा जम बसला.

काही विद्वान म्हणतात, ‘डू’ ही वेल्श आणि कॉर्निश शेजाऱ्यांची देणगी आहे. त्या भाषांत अशा रचना आहेत आणि इंग्रजीत हे ‘डू’ तेराव्या शतकात नैर्ऋत्येकडे प्रथम दिसते, म्हणून ही शक्यता सहज उडवून लावता येत नाही. मात्र तिने ‘डू’ कुठून आले एवढेच कळेल. ते पूर्वी साध्या होकारार्थी विधानांतही सर्रास येत असे. तिथे ते ओसरत गेले, इतके की सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात असा वापर फाजील ठरवला. प्रश्नात मात्र ते पक्के झाले. उसन्या वस्तूंपैकी कोणती ठेवायची हे घरची गरज ठरवते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मग ‘कॅन’, ‘विल’, ‘इज’ अजूनही जुन्याच पद्धतीने पुढे का येतात? उत्तर पुन्हा रांगेतच आहे. ‘कॅन ही रीड द बुक?’मध्ये मुख्य क्रियापद कर्माला धरूनच असते आणि ‘इज’ला कर्म नसतेच. ‘डिड ही वेंट?’ ही आपली नेहमीची चूकही इथेच उलगडते. पुढे धाडलेला शब्द काळाचे ओझे घेऊन जातो. मागच्या ‘गो’ने ते पुन्हा का वाहावे?

खरा अपवाद एकच उरतो, ‘हॅव’. त्याला कर्म असूनही ब्रिटिश माणूस ‘हॅव यू अ पेन?’ असे विसाव्या शतकातही सहज विचारत असे. पण अमेरिकेत रुळलेल्या ‘डू यू हॅव’ने तीही जागा घेतली, आणि आता जुना प्रश्न इंग्लंडमध्येही जुनाट वाटतो.