‘डिरायसिव्हली’ : एका क्रियाविशेषणाची साक्ष

इंग्रजी इतिहासग्रंथांत एखाद्या पंथाच्या वा पक्षाच्या नावाची उपपत्ती सांगताना ‘डिरायसिव्हली’ हे क्रियाविशेषण वारंवार योजिलेले आढळते. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘देरिदेरे’ या क्रियापदात असून हसून तुच्छ लेखणे असा त्याचा अर्थ आहे. मराठीत ‘उपहासाने’ किंवा ‘हेटाळणीने’ हे प्रतिशब्द त्यास जवळचे होत. ‘उपरोधाने’ हा मात्र नव्हे. उपरोधात शब्द एक व अभिप्राय दुसरा असतो; हेटाळणीत अभिप्राय उघड असतो.

‘मोठ्याने’, ‘सावकाश’ ही क्रियाविशेषणे क्रियेचे बाह्य रूप सांगतात. प्रस्तुत शब्द वक्त्याच्या मनातील हेतू सांगतो. म्हणून तो लिहिणारा इतिहासकार केवळ वर्णन करीत नाही, विधान करतो; आणि विधानास पुरावा लागतो. हा पुरावा सर्वत्र सारख्या प्रतीचा नसतो, हे तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

१६७९ ते १६८१ या काळात यॉर्कचा ड्यूक जेम्स यास राज्याच्या वारशातून वगळावे की नाही, यावरून इंग्लंडात वाद माजला. त्या वादात ‘व्हिग’ व ‘टोरी’ ही पक्षनामे रूढ झाली. पहिले स्कॉटलंडातील प्रेस्बिटेरियन बंडखोरांचे, तर दुसरे आयर्लंडातील लुटारूंचे नाव. प्रतिपक्षास बंडखोर वा लुटारू म्हणण्यात गौरवाचा हेतू संभवत नाही. येथे शब्दाचा पूर्वार्थच पुरावा होय.

‘क्वेकर’ या नावाची गोष्ट निराळी. १६५० साली डर्बी येथे न्यायाधीश बेनेट याने आपणांस हे नाव प्रथम दिले, असे जॉर्ज फॉक्स आपल्या रोजनिशीत सांगतो. प्रभूच्या वचनापुढे थरथर कापा, असे आपण त्यास बजावले होते, हे त्याचे कारण. परंतु फॉक्स १६९१ मध्ये वारला व रोजनिशी १६९४ मध्ये प्रसिद्ध झाली. साक्ष आहे ती ज्याची हेटाळणी झाली त्याची. हेटाळणी करणाराची नव्हे. ती खोटी ठरत नाही, पण ती एकतर्फी आहे.

तिसरे उदाहरण ‘बिग बँग’ या संज्ञेचे. फ्रेड हॉईल याने २८ मार्च १९४९ रोजी बी.बी.सी.वरील भाषणात ती वापरली. विश्वाच्या स्थिर अवस्थेचा सिद्धान्त तो स्वतः मांडीत असल्याने प्रतिस्पर्धी मताची त्याने कुचेष्टा केली, असे अनेक ग्रंथ सांगतात. हॉईलने मात्र पुढे हा आरोप नाकारला. श्रोत्यांपुढे चित्र उभे राहावे एवढाच आपला उद्देश होता, असे त्याचे म्हणणे. येथे ज्याच्या हेतूविषयी विधान केले जाते, तोच ते अमान्य करतो.

असे असूनही हा शब्द लेखणीतून सहज उतरतो, याचे कारण उघड आहे. आरंभी उपहास सोसून पुढे विजयी झाल्याची कथा प्रत्येक पंथास व मतास भूषणावह वाटते. इतिहासकाराने तो शब्द पारखून न घेता वापरला, तर त्या पंथाचा अभिमान इतिहासाच्या नावाने नोंदला जातो आणि विरोधकाची बाजू ऐकलीच जात नाही. यास्तव ‘उपहासाने म्हटले’ असे लिहिण्यापूर्वी ‘असे कोण सांगतो, व केव्हा?’ हा प्रश्न विचारणे संशोधकाचे कर्तव्य ठरते. उत्तर एकाच पक्षाकडून मिळत असेल, तर त्या पक्षाचे नाव वाक्यात आले पाहिजे.