पूर खालूनही येतो: कंपाउंड फ्लडचं मॉडेल कसं चालतं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्यातच समुद्राला भरती होती. नाल्यांतलं पाणी बाहेर जाईना. अशी कारणं एकत्र येऊन होतो तो कंपाउंड फ्लड, म्हणजे संयुक्त पूर.

यात आणखी एक भिडू असतो, जो दिसत नाही: भूजल. त्यासाठी अमेरिकेतलं मायामी बघा. तिथे जमिनीखाली सच्छिद्र चुनखडक आहे. समुद्र चढला की खडकातलं पाणीही वर सरकतं. किनाऱ्यावर भिंत बांधा, पाणी तिच्याखालून येतं!

आता मॉडेल. रस्त्यावरचं पाणी मिनिटांत पळतं, जमिनीतलं मात्र दिवस-महिने घेतं. म्हणून दोन प्रोग्रॅम जोडतात. पाऊस आणि गटारं एकाकडे, उदा. एसडब्ल्यूएमएम, भूजल दुसऱ्याकडे, उदा. १९८४ मध्ये आलेलं मॉडफ्लो. चालता चालता दोघं आकड्यांची देवाणघेवाण करतात. पहिला सांगतो किती पाणी मुरलं, दुसरा सांगतो भूजल कुठवर आलं. ते जमिनीला टेकलं की मुरणं बंद, उलट पाणी वर येऊ लागतं.

नुसता पाऊस मोजणारं मॉडेल इथेच फसतं. जमीन अजून पाणी पिईल असं ते धरून चालतं, आणि तुमच्या फोनवरच्या नकाशात बुडणारी गल्ली कोरडी दिसते.

दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. खरी अडचण डेटाची. विहिरी आणि बोअरच्या पाणीपातळीच्या नियमित नोंदी नसतील, तर भूजलाचा आकडा शेवटी अंदाजपंचेच भरावा लागतो.