गरजेपलीकडचा टाका

घरातल्या सुई-दोऱ्याचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तो बहुधा काटकसरीचा इतिहास म्हणून. कापड महाग, पैसा कमी, म्हणून बायका फाटके शिवत, जुने पुरवून पुरवून वापरत, असे त्याचे ठरलेले स्वरूप असते. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. पुरावा नीट पाहिला तर गरजेच्या शेजारी हौस पहिल्यापासून बसलेली दिसते. आणि माझे म्हणणे असे की घरातली सुई आजवर टिकली ती मुख्यतः या हौसेच्या जोरावर. या दाव्याचा सगळ्यांत भक्कम साक्षीदार म्हणजे लोकरीचे विणकाम. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किमान तापमान सरासरी 11-12 अंशांच्या आसपास असते, मुंबईत ते 16-17 च्या खाली क्वचितच जाते, आणि दुपारी दोन्हीकडे घाम येतो. अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या बायका दोन सुया घेऊन स्वेटर विणत बसल्या. थंडी हे त्याचे पुरेसे कारण होऊ शकत नाही.

लोकर घरात येण्याआधीचे चित्र पाहू. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे हे सगळे नेसायचे किंवा गुंडाळायचे कपडे. त्यांना शिलाई लागतच नसे. अंगरखा, बाराबंदी शिवायला शिंपी होता, आणि गावगाड्यात अलुतेदारांच्या यादीत त्याचे नावही येते. घरातल्या सुईकडे उरे ते दुरुस्तीचे काम, आणि त्यातले सर्वांत कौशल्याचे म्हणजे दंड घालणे. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते आधी विरते, काठ आणि पदर मात्र धडधाकट राहतात. मग विरलेला पट्टा कापून काढायचा, उरलेले दोन भाग समोरासमोर आणायचे, कापलेल्या कडा सुटू नयेत म्हणून आत दुमडायच्या आणि काठाला काठ जुळवून बारीक टाक्यांनी जोड द्यायचा. काठ एका दोऱ्याएवढाही सरकला तर दंड लांबून ओळखू येई, आणि दंडाचे लुगडे नेसून चारचौघांत जाणे बायकांना नकोसे वाटे. इथे गरज अगदी उघड आहे, आणि ती नाकारण्याचे कारणही नाही.

पण तेच लुगडे पार जीर्ण झाले की गोधडीत जाई, आणि तिथे गोष्ट बदलते. ऊब हवी तर चार जुनी वस्त्रे एकावर एक घालून, ती सरकणार नाहीत इतपत धावदोरा घातला की काम भागते. प्रत्यक्षात गोधडीवर धावदोऱ्याच्या ओळी बोटभरही अंतर न ठेवता फिरवलेल्या दिसतात, कडेला मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी असते, ठिगळांची जागा रंग पाहून ठरवलेली असते. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. काठाकडून मध्याकडे शिवत आल्यावर शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची लहान त्रिकोणी टोके जोडतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. या फुलांनी ऊब कणभरही वाढत नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि कापड दोन्ही तुटपुंजे होते त्यांनी ती लावली, म्हणून तर इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्यापाशी थांबायला हवे.

लोकर आणि विणण्याच्या सुया आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळा आणि युरोपीय बायका यांच्याबरोबर. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मराठी मिशनची शिक्षिका 1827 साली मुंबईत उतरली आणि 1839 मध्ये अहमदनगरला गेली. तिच्यासारख्यांच्या शाळांत अक्षरओळखीच्या जोडीला शिवणकाम असेच. पुढे सरकारी धोरणानेही तीच वाट धरली. 1882 च्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि घरसंसाराच्या गरजा पाहून आखावा असे सुचवले. 1884 साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, आजची हुजूरपागा, निघाले, तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्यातल्या इंग्रजी आणि गणितावर कडक टीका केली. मातृभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम मुलींना पुरे, असा त्या टीकेचा सूर होता. म्हणजे सुई हे मुलीला पुस्तकापासून दूर ठेवण्याचे साधनही होते, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दुसऱ्या बाजूला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आणि 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात तीच सुई विधवांना आणि निराधार बायकांना पोट भरण्याचे साधन म्हणून दिली गेली. शिस्त असो वा स्वावलंबन, शाळेच्या दृष्टीने शिवण-विणकाम हे उपयोगाचे शिक्षण होते. हौस कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हती.

ती बायकांनी आपल्या आपण घातली. याचा माग लागतो तो बाळंतविड्यात. मराठी घरात बाळासाठी कुंची, टोपडे, झबले, दुपटे करण्याची रीत जुनीच. दुपटी मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची, कुंची मात्र खणाची किंवा रेशमाची, सजवलेली. विसाव्या शतकात या बाळंतविड्यात लोकरीचे टोपडे, मोजे आणि इवलासा स्वेटर अलगद येऊन बसले. बाळाला ते जेमतेम दोन-तीन महिने होतात, कोकणात तर ते चढवायची वेळ क्वचितच येते. तरी प्रत्येक बाळासाठी नवा नमुना शोधला जाई. 1930 साली निघालेल्या ‘स्त्री’पासून पुढे स्त्रियांच्या मासिकांची एक मोठी परंपरा मराठीत उभी राहिली, आणि या मासिकांतून विणकामाचे नमुने छापून येऊ लागले. किती टाके घालायचे, कुठे सुलट, कुठे उलट, कुठे दोन टाके एकत्र करायचे, हे ओळीने वाचत हात चालवणे म्हणजे एक प्रकारचे गणितच होते. साध्या सुलट-उलट विणीने अंग झाकते. वेणीचा पीळ आणि जाळीची नक्षी विणणारीला हवी असते म्हणून येते. लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, लडी करून, तिचाच दुसरा स्वेटर करण्याची पद्धत काटकसरीची खरी, पण उसवताना जुना नमुना टाकून नवा धरला जाई, हेही त्या पद्धतीतच होते.

आता यावर पहिला आक्षेप येतो तो फुरसतीचा. हौस परवडते कुणाला? दुपारी माजघरात सुया घेऊन बसणे हे शहरातल्या पांढरपेशा, बहुतेक उच्चवर्णीय घरांचे सुख. शेतमजूर बाईला ते कुठून मिळणार? लोकरीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. लोकर विकत घ्यावी लागे आणि नमुना वाचायला अक्षरओळख लागे. पण हौसेपुरता तो मान्य नाही, कारण गोधडी आणि कवंदी नेमकी त्या घरांतून आली जिथे फुरसत नव्हती. कष्टकरी बाईला फक्त गरज कळते आणि सौंदर्याची ओढ सुशिक्षितांची, असे गृहीत धरणे हा त्या बाईवर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर 1982 साली पुस्तक प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे रुजवलेले क्रोशाकाम पुढे परदेशी निर्यातीचा धंदा झाले, पण विणणाऱ्या बायका ‘घरी बसून फावल्या वेळात’ ते करतात असे मानले गेल्याने त्यांची मजुरी नगण्य राहिली आणि नफा व्यापाऱ्यांनी नेला. म्हणजे हौस हा शब्द वापरून श्रम लुटता येतात. हा धोका खरा आहे, आणि आजही घरबसल्या काज-बटण, फॉल-पिको करणाऱ्या बायकांचे दर ठरवताना तो दिसतो. तरीही यावरून हौस नव्हतीच असे ठरत नाही. नरसापूरला बायका व्यापाऱ्याच्या नमुन्याबरहुकूम, नगावर काम करत होत्या; नमुना, वेळ, माल यांतले काहीही त्यांच्या हातात नव्हते. भाचीच्या बाळासाठी विणणारी बाई हे तिन्ही स्वतः ठरवते. दोघींच्या हातांची हालचाल एकच असली तरी पहिलीला पुरती मजुरी मिळायला हवी, आणि दुसरीच्या कामाला मजुरी नाही म्हणून ते रिकामटेकडेपण ठरत नाही.

या दुसरीच्या कामाचा उपयोग 1962 साली सगळ्या देशाने पाहिला. त्या वर्षी ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले, हिमालयातल्या जवानांकडे गरम कपडे अपुरे होते, आणि ठिकठिकाणच्या बायकांनी स्वेटर, मफलर, मोजे विणून पाठवले. सुया हातात बसायला वर्षे लागतात. काही आठवड्यांच्या हाकेने ते कौशल्य निर्माण होत नाही. ते घराघरांत तयार होते, कारण आधीची कित्येक वर्षे कुणी न सांगता बायका विणत आल्या होत्या. उलट, निव्वळ गरजेवर उभे असलेले काम गरज सरताच गेले. युद्धकाळातल्या टंचाईमुळे 1943 पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा दंड आणि ठिगळ घरोघर होते; टेरिलीन, टेरिकॉटचे न फाटणारे कपडे आले आणि दंड घालण्याची कला एका पिढीत विसरली गेली. बाजारात तयार स्वेटर हाताच्या स्वेटरपेक्षा स्वस्त झाल्यालाही बराच काळ लोटला, ॲक्रिलिक धाग्याने लोकरीची जागा घेतली, तरी विणणाऱ्या बायका आहेत, आणि आता काही पुरुषही आहेत.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे आहेत, कारण ते जपण्यासारखे आहेत असे एका माणसाला वेळीच वाटले. आपल्या घरात विणकामाच्या नमुन्यांची हाताने लिहिलेली वही असेल, दंडाचे एखादे लुगडे किंवा जुनी गोधडी असेल, तर ती रद्दीत किंवा बोहारणीला देऊ नका. कुणी केली, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, एवढे एका कागदावर लिहून तो कागद तिला टाचून ठेवा.