दोन एंजिनें आणि एक कारखाना



१९६२ सालीं अमेरिकेंतील दोन कारखान्यांचीं डीझेल एंजिनें भारतांतील रुळांवर एकाच वेळीं उतरलीं. आल्को कंपनीच्या एंजिनास ‘डब्ल्यूडीएम-२’ हें नांव मिळालें, जनरल मोटर्सच्या एंजिनास ‘डब्ल्यूडीएम-४’. दोघांचीहि शक्ति २६०० अश्वशक्ति, दोघांनाहि सोळा सिलिंडर. कागदावर सामना अगदीं बरोबरीचा होता.

रुळांवर मात्र फरक दिसे, आणि तो धुरांत दिसे. सिलिंडरांत हवा कोंबण्याकरितां दोन्ही एंजिनांत पंखा असतो. आल्कोचा पंखा केवळ बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरे. ड्रायव्हरनें शक्ति वाढविली कीं तेल तत्काळ येई, पण पंखा वेग घेईपर्यंत हवा पुरत नसे. अर्धवट जळलेलें तेल काळ्याकुट्ट लोटांनी आकाशांत जाई. जनरल मोटर्सनें हाच पंखा आरंभीं दांत्यांच्या चाकांनीं यंत्रासच जोडला होता. वायूचा जोर पुरेसा झाला म्हणजे तो आपोआप सुटा होई. युक्ति साधी, परंतु मोठी कल्पक! विज्ञानाच्या तासाला शिकविण्याजोगी.

१ मार्च १९६९ रोजीं दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस सुरू झाली, ती डब्ल्यूडीएम-४ च्याच बळावर. सुमारें १४५० किलोमीटरांचें अंतर तिनें १७ तास २० मिनिटांत तोडलें. असें असूनहि हीं एंजिनें आलीं अवघीं ७२. उलट डब्ल्यूडीएम-२ अडीच हजारांहून अधिक झालीं.

ह्याचें कारण यंत्रांत नव्हतें, करारांत होतें. रेल्वेला एंजिनांबरोबर तीं घडविण्याची विद्याहि हवी होती. आल्कोनें ती देऊं केली. जनरल मोटर्सशीं तसा करार तेव्हां झाला नाहीं. बनारसचा कारखाना १९६१ सालीं उभा राहिला आणि १९६४ च्या जानेवारींत तेथलें पहिलें एंजिन बाहेर पडलें. १९६९ सालीं खुद्द आल्कोनें एंजिनें बांधणें सोडलें, तरी बनारसचें काम अडलें नाहीं. त्याच घराण्यांतून पुढें ३१०० अश्वशक्तीचें एंजिन निघालें. पुण्याच्या शेडमधील अशीं एंजिनें मिरजेच्या मार्गावर वर्षानुवर्षें राबलीं आहेत.

सरस एंजिन डावललें गेलें, अशी हळहळ कित्येक रसिक आजहि व्यक्त करतात. मला ती पटत नाहीं. ज्या यंत्राचा सुटा भाग मोडला असतां सातासमुद्रांपलीकडे पत्र धाडावें लागतें, त्याच्या भरंवशावर एवढ्या देशाची मालवाहतूक कशी सोंपवावी? धूर सोसतां येतो. शेडमध्यें निजलेलें एंजिन सोसत नाहीं.

जनरल मोटर्सची गांठ पुन्हां पडली ती १९९५ सालीं. ह्या वेळच्या करारांत ४००० अश्वशक्तीच्या एंजिनांबरोबर तीं घडविण्याचे नकाशेहि बनारसला आले.