गुंजेचा दाणा आणि पेशींवरील साखर

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील जुन्या माणसांस गुंज ठाऊक नाही, असे सहसा होणार नाही. कुंपणावर चढणारी ती वेल, विड्यात घालावयाचा तिचा गोड पाला, आणि काळ्या टिपक्याचे ते लालभडक दाणे! दशमान वजने रूढ होईपर्यंत सोनाराच्या तराजूत ८ गुंजांचा एक मासा व १२ माशांचा एक तोळा असा हिशेब चाले. परंतु ज्या दाण्याने सोने तोलावे, त्याचेच वाटण कातडीखाली टोचले असता धडधाकट जनावर मरते, हेही आपल्या देशात पूर्वीपासून माहीत होते. इंग्रजी अमदानीतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत अशा गुन्ह्यांची वर्णने आहेत. ह्या विषाने उघडलेल्या वाटेनेच पुढे शास्त्रज्ञ आपल्या कातडीच्या व रक्ताच्या एका गूढापर्यंत कसे पोहोचले, त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या वाटेवरील पहिले पाऊल गुंजेच्या नव्हे, तर एरंडाच्या बीने टाकिले. आजच्या एस्टोनिया देशातील दोर्पात येथील विद्यापीठात स्टिलमार्क ह्या तरुण अभ्यासकाने १८८८ साली एरंडाच्या बियांतील विष वेगळे केले. ते रक्तात मिसळताच तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, असे त्यास आढळले. गुंजेच्या विषाचाही हाच गुण लवकरच सिद्ध झाला. १८९१ साली एर्लिक ह्या जर्मन पंडिताने उंदरांस ही दोन्ही विषे अल्प प्रमाणात देऊन त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आणिली, आणि एरंडाच्या विषास न जुमानणारा उंदीरही गुंजेच्या विषाने मरतो, हे दाखविले. रोगप्रतिकाराच्या शास्त्राचा पाया घालण्यास ह्या दोन रानटी बियांचे असे साहाय्य झाले.

तथापि पेशी चिकटतात त्या कशामुळे? ह्याचा उलगडा होण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. आपल्याकडील अबईच्या जातीच्या एका शेंगेतून अमेरिकेतील समनर ह्यांनी काढिलेल्या द्रव्यानेही पेशी चिकटत. परंतु त्यात उसाची साखर घातली की ते निष्प्रभ होई, असे त्यांनी व हॉवेल ह्यांनी १९३६ साली दाखवून दिले. कृष्णाकाठच्या वाचकांस ह्याचे कौतुक वाटावे! अर्थ उघड होता. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात. बीतील द्रव्य त्यांनाच धरून ठेविते, आणि बाहेरून साखर मिळाली की पेशीस सोडून तिला बिलगते. कोणती साखर धरावयाची, ही प्रत्येक बीची निवड ठरलेली असते. म्हणूनच ‘निवडणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून बॉइड ह्यांनी १९५४ साली ह्या द्रव्यांस ‘लेक्टिन’ हे नाव दिले.

पुढे कातडीच्या अभ्यासकांनी ह्या निवडीचा मोठा उपयोग करून घेतला. कातडीचा अतिशय पातळ काप घ्यावयाचा, त्यावर चकाकणारा रंग जोडलेले लेक्टिन सोडावयाचे, आणि ते कोठे चिकटते हे सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. चिकटणे खरे की भासमान, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या कापावर लेक्टिनाबरोबर योग्य ती साखर घालावी. तेथे चमक नाहीशी झाली म्हणजे खात्री पटते. १९८० नंतरच्या दशकात ह्या रीतीने असे दिसून आले की, बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकताना केवळ आकारच नव्हे, तर आपले साखरेचे आवरणही बदलते. आपल्या शेतातील भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिन तळच्या थरास फारसे शिवत नाही. वरच्या थरांतील पेशींच्या कडा मात्र ते उजळून टाकिते. युलेक्स नावाच्या युरोपातील काटेरी झुडपाच्या बीचे लेक्टिन फ्यूकोज ही साखर निवडते; ते बाह्यत्वचेच्या वरच्या थरांत आणि खालील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसते. सोरायसिससारख्या विकारात पेशी घाईने वर येतात, तेव्हा ही क्रमवारी बिघडलेली दिसते. डोळ्यांस सारख्याच भासणाऱ्या पेशींचे वय व वळण अशा रीतीने ओळखता येऊ लागले.

हेच युलेक्स आपल्या प्रांतात एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे ठरले. १९५२ साली मुंबईचे डॉक्टर भेंडे, देशपांडे व भाटिया ह्यांनी लंडनच्या संशोधकांसह एक नवा रक्तगट जाहीर केला. त्या लंडनकरांपैकीच मॉर्गन व वॉटकिन्स ह्यांनी त्याच वर्षी ‘ओ’ रक्ताची ओळख फ्यूकोज साखरेत आहे, असे दाखविले होते. ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर नेमकी हीच फ्यूकोजची कडी नसते. युरोपात हा प्रकार अत्यंत विरळा. परंतु १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईत ७,६०० माणसांत एक असे त्याचे प्रमाण आढळले.

नेहमीच्या पेशीपरीक्षेत असा मनुष्य ‘ओ’ गटाचाच भासतो. पण त्यास ‘ओ’ रक्त दिले, तर त्याच्या रक्तरसातील प्रतिद्रव्ये त्या पेशींवर तुटून पडतात, व प्राणावर बेतते. त्यास त्याच्याच गटाचे रक्त हवे. युलेक्सच्या बीचा अर्क येथे निवाडा करितो: ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या होतात, ‘बॉम्बे’ पेशी मोकळ्या राहतात. रुग्णाचा रक्तरस ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिला, तरीही भेद उघड होतो.

ह्यास्तव आमचे म्हणणे एवढेच की, सातारा-सांगलीकडे ज्याच्या चिठ्ठीवर ‘ओ’ लिहिले असेल, त्याची ही दुसरी परीक्षा करून घेण्यास आळस करू नये. आणि ज्यास आपला गट ‘बॉम्बे’ असल्याचे कळले, त्याने ते घरात झाकून न ठेविता रक्तपेढीत नोंदवावे. एका गुंजेच्या फरकाने सोन्याचा भाव बदलत असे. येथे साखरेच्या एका कडीवर मनुष्याचा जीव तोलला जातो.