सात घरं आणि एक चूल

संस्कृत शिकायला पुण्यात आलेल्या गरीब मुलापुढे पहिला प्रश्न व्याकरणाचा नसायचा, दुपारच्या जेवणाचा असायचा. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली खरी, पण कित्येक विद्यार्थ्यांची पोटं भरली ती गावातल्या घरांनी.

त्याच्या दोन पद्धती. एक, वार लावून जेवणं. सात घरं ठरवायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. (आपल्या भाषेत राउंड रॉबिन. एखादं घर लग्नाला बाहेरगावी गेलं की त्या दिवशी सर्व्हर डाउन!) दुसरी माधुकरी. सोवळं नेसून, झोळी घेऊन पाच-सात दारांशी 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणायचं. एका घरचा भात, दुसरीकडची आमटी, तिसरीकडची पोळी. मधमाशी फुलाफुलांतून मध गोळा करते, तसं.

खरं सांगू? मला हे डिझाइन आवडतं. कुठल्याच घरावर फार ओझं नाही, आणि पोरगं उपाशी नाही. पण यात लॉगिन फक्त एकाच जातीच्या मुलाला मिळायचं. महाराच्या किंवा कुणब्याच्या पोराने ते वाक्य कितीही शुद्ध उच्चारलं असतं, तरी त्याच्यासाठी ही माधुकरी नव्हती.

धर्मानंद कोसंबींची गोष्ट इथे आठवते. जन्म 1876, गाव गोव्यातलं साखवाळ. संस्कृतसाठी ते काशीला गेले आणि तिथल्या अन्नछत्रात जेवून शिकले. अशी छत्रंही बहुतेक ब्राह्मणांचीच. पुढे 1902 मध्ये ते श्रीलंकेत पाली शिकायला पोचले आणि बौद्ध श्रामणेर झाले. तिथे भिक्षापात्र घेऊन निघालेल्याला 'तुझी जात कुठली?' विचारून मग वाढायचं, असा बौद्ध संघाचा नियम नाही. एकाच माणसाने दोन भाषांसाठी दोन प्रकारचं अन्न खाल्लं! 1912 पासून ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते.

पण छत्र काय, भिक्षापात्र काय, वाढणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. ही रेघ पुसली साताऱ्यात.

भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर 'अंघोळ करून शुद्ध हो' असं सांगण्यात आलं. ते ऐकेनात, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राबायची, एकत्र रांधायची आणि एकाच पंगतीत जेवायची. 25 फेब्रुवारी 1927 ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई त्या सगळ्या पोरांची आई झाली.

मला वाटतं, भूक मिटवण्याचे हे दोन प्रकार अगदी वेगळे आहेत. दारात वाढणं आणि चुलीपाशी येऊ देणं. पहिल्याने पोट भरतं, आणि ते काही थोडं नाही. पण दुसऱ्याने पोरगं घरचं होतं.

असो. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण आपला चिंचवड–चाकण पट्टा बघा. नांदेडहून आलेला आयटीआयवाला, बिहारचा वेल्डर, नोकरीसाठी जर्मन किंवा जपानी शिकणारी मुलगी, सगळे खोली शोधतात. मी स्वतः चिंचवडमध्ये खोली शोधत होतो, तेव्हा भाड्याच्या आधी 'तुमच्यात काय काय खातात?' हा प्रश्न तीन घरमालकांनी विचारला. एकाने आडनाव दोनदा विचारलं.

तर मंडळी, फ्लॅटमध्ये चौथा पार्टनर हवा असेल, तर जाहिरातीत 'ओन्ली व्हेज' लिहिण्याआधी जरा थांबा. त्याला आधी एक दिवस तुमच्या गॅसवर त्याच्या गावचं काहीतरी करू द्या.